बार्शी लाइटची इंजिने

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून, मिरजकर तिकटीच्या भोवतालच्या गल्ल्यांतून, आषाढी-कार्तिकीला पंढरीची ओढ लागणाऱ्या भाविकांपैकी ज्यांना वयोमानामुळे किंवा प्रकृतीमुळे पायी वारी करणे शक्य नसे, त्यांच्यापुढे विसाव्या शतकाच्या आरंभी रेल्वेचा जो मार्ग होता तो फार वळशाचा होता. कोल्हापूर संस्थानच्या गाडीने मिरजेस यावे, तेथून मीटरगेजने उत्तरेकडे थेट पुण्यापर्यंत जावे, पुण्यास ब्रॉडगेजच्या गाडीत बसून पुन्हा आग्नेयेकडे कुर्डुवाडीपर्यंत यावे, आणि तेथे अडीच फूट रुंदीच्या रुळांवर उभ्या असलेल्या एका लहानशा गाडीत शिरून अखेरीस चंद्रभागेचा तीर गाठावा, असा तो द्राविडी प्राणायाम होता. १९२७ साली मिरज आणि पंढरपूर ही दोन गावे त्याच अरुंद रुळांनी थेट जोडली गेली आणि हा वळसा संपला. कोल्हापूरचा वारकरी मिरजेस गाडी बदलून आरग, बेळंकी, सलगरे, कवठे महांकाळ, ढालगाव, जत रोड आणि सांगोला अशी स्टेशने मागे टाकीत पंढरपुरास पोहोचू लागला. या रेल्वेचे कागदोपत्री नाव बार्शी लाइट रेल्वे. लोकांच्या तोंडी मात्र ती नुसती ‘बार्शी लाइट’ होती.

या गाडीविषयी आपल्याकडे जिव्हाळ्याने पुष्कळ बोलले जाते. तिच्या संथ गतीचे, वारीतल्या खच्चून भरलेल्या डब्यांचे, धुराने काळवंडलेल्या कपड्यांचे वर्णन करणारी वडीलधारी माणसे अजूनही भेटतात. परंतु ज्या इंजिनांनी ही गाडी ओढली, त्यांच्या रचनेमागे कोणता विचार होता, आणि सोलापूर जिल्ह्यातील एका व्यापारी गावासाठी केलेला हा प्रयोग पुढे विलायतेत कसा अनुसरला गेला, याची माहिती सामान्य वाचकाला क्वचितच असते. यंत्रशास्त्राच्या इतिहासात या इंजिनांचे स्थान मानाचे आहे, आणि ते का, हे समजून घेण्यासाठी वाचकाला अभियंता असण्याची मुळीच आवश्यकता नाही.

प्रथम रुळांच्या रुंदीचा मामला ध्यानात घेतला पाहिजे. १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली ती साडेपाच फूट रुंदीच्या, म्हणजे ब्रॉडगेजच्या रुळांवर. हे रूळ भक्कम, त्यांवरची इंजिने वजनदार आणि त्यांचा खर्चही त्याच मानाने जबर. सरकारी तिजोरीस तो सर्वत्र परवडेना, म्हणून १८७० नंतर जेथे रहदारी बेताची असेल तेथे एक मीटर रुंदीचे रूळ घालण्याचे धोरण स्वीकारले गेले. कोल्हापूरला आलेली रेल्वे याच मापाची होती. बालवयातील शाहू महाराजांच्या हस्ते १८८८ साली तिच्या कामाचा आरंभ झाला, आणि १८९१ साली मिरज-कोल्हापूर मार्ग रहदारीस खुला झाला. परंतु मीटरगेजचाही खर्च ज्या मुलखाला पेलणार नाही अशा मुलखाचे काय करावे, हा प्रश्न शिल्लकच होता. आणि असा मुलूख दख्खनच्या पठारावर थोडाथोडका नव्हता.

बार्शी हे अशा मुलखातले गाव. भगवंताच्या देवळामुळे ते क्षेत्र म्हणून प्रसिद्ध, आणि कापसाच्या उलाढालीमुळे पेठ म्हणूनही तितकेच नामांकित. एकीकडे इंग्रजी अंमलातील सोलापूर जिल्हा आणि दुसरीकडे निजामाचा मराठवाडा यांच्या सीमेवर असल्यामुळे दोन्ही मुलखांतील माल येथे येऊन पडत असे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा लोहमार्ग १८६० साली सोलापूरपर्यंत गेला तो बार्शीला बगल देऊन. त्या मार्गावर जे स्टेशन पडले त्याला ‘बार्शी रोड’ असे नाव मिळाले, तेच आजचे कुर्डुवाडी. बार्शी रोडपासून प्रत्यक्ष बार्शी सुमारे बावीस मैल दूर. हे बावीस मैल कापसाच्या गाठी बैलगाडीने न्याव्या लागत, आणि पावसाळ्यात काळ्या जमिनीतील चिखलात चाके आसापर्यंत रुतू लागली म्हणजे व्यापार जागच्या जागी खिळून राही. मुंबईच्या गिरण्या आणि बार्शीची पेठ यांच्यामध्ये शेकडो मैलांचा लोहमार्ग तयार असताना शेवटच्या बावीस मैलांनी सगळी साखळी अडवून धरावी, हे दृश्य एका तरुण इंग्रज अभियंत्याने पाहिले.

त्याचे नाव एव्हरार्ड रिचर्ड कॅल्थ्रॉप. १८५७ साली इंग्लंडात जन्मलेल्या या गृहस्थाने रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या नावाने चालणाऱ्या प्रख्यात कारखान्यात आणि त्यानंतर क्रू येथील रेल्वे कारखान्यात उमेदवारी केली, आणि १८८२ साली तो ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या नोकरीत इंजिनांचा निरीक्षक म्हणून हिंदुस्थानात दाखल झाला. मुख्य मार्गाला माल आणून देणाऱ्या लहान शाखा स्वस्तात बांधता आल्या तर रेल्वेचे आणि रयतेचे, दोहोंचेही हित साधेल, अशी त्याची धारणा बनली, आणि त्या धारणेपायी त्याने बार्शीच्या मार्गाची तजवीज १८८० च्या दशकातच सरकारपुढे मांडली. दप्तरी कारभाराची गती त्या काळीही मंदच होती. अर्ज, खुलासे, करारमदार आणि मंजुऱ्या यांत वर्षांमागून वर्षे गेली. तरीही त्याने आपला आग्रह सोडला नाही, आणि अखेर १८९५ साली लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनीची नोंदणी झाली. कॅल्थ्रॉप हाच तिचा सल्लागार अभियंता झाला. ज्याच्या डोक्यातून कल्पना निघाली त्याच्याच हाती ती मूर्त करण्याचे काम यावे, हा योग अभियंत्यांच्या आयुष्यात विरळाच येतो.

आता त्याच्या कल्पनेचा गाभा पाहू. रेल्वेचा खर्च मुख्यतः रुळांच्या, पुलांच्या आणि भरावाच्या मजबुतीवर अवलंबून असतो, आणि ही मजबुती किती ठेवायची हे संपूर्ण गाडीच्या वजनावरून ठरत नाही; गाडीतला सर्वांत जड आस रुळावर किती भार टाकतो, यावरून ठरते. बहुतेक रेल्वेंत असा अनुभव येई की, डबे हलके असत, वाघिणी मध्यम असत, आणि एकटे इंजिन मात्र आपल्या एकेका आसावर एवढा भार टाकी की केवळ त्याच्यासाठी साऱ्या मार्गावर जाड रूळ घालावे लागत. कॅल्थ्रॉपने हा हिशेब उलट्या टोकाकडून मांडला. आधी रूळ किती हलका परवडतो ते ठरवायचे, त्यावर प्रत्येक आसामागे किती भार सुरक्षितपणे टाकता येईल ते ठरवायचे, आणि मग इंजिन, मालाची वाघीण आणि प्रवाशांचा डबा या सर्वांना एकच मर्यादा लावायची. बार्शीसाठी त्याने ही मर्यादा आसामागे पाच टन ठरवली. पालखी जड असली तरी भोयांचे खांदे पुरेसे असतील आणि प्रत्येक खांद्यावर सारखाच भार येत असेल, तर कोणी एक वाकत नाही. त्याच न्यायाने पुरेसे आस असतील आणि भाराची विभागणी सारखी असेल, तर हलक्या रुळावरूनही पुष्कळ वजन वाहून नेता येते, हे त्याचे सूत्र होते.

या सूत्राबरहुकूम इंजिन घडवण्याची कामगिरी लीड्स शहरातील किटसन आणि कंपनी या कारखान्याकडे सोपवण्यात आली. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात स्थापन झालेला हा कारखाना १९३८ साली बंद पडेपर्यंत पाच हजारांहून अधिक इंजिने तयार करून जगभर पाठवीत होता. बार्शी लाइटच्या ‘ए’ वर्गातील पहिली पाच इंजिने येथेच घडली, आणि ती सर्व टाकीवाली इंजिने होती.

टाकीवाले इंजिन म्हणजे काय, हे येथे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. वाफेच्या इंजिनाला दोन गोष्टी अखंड लागतात, पाणी आणि कोळसा. भट्टीत कोळसा जळतो, त्याच्या तप्त वायूंचे लोट बॉयलरमधल्या नळ्यांतून धुराड्याकडे धावतात, नळ्यांभोवतीच्या पाण्याची वाफ होते, ती वाफ कोंडून तिचा दाब वाढतो, आणि ड्रायव्हरने कळ ओढताच ती सिलिंडरमध्ये शिरून दट्ट्याला पुढेमागे ढकलू लागते. दट्ट्याची ही सरळ रेषेतील हालचाल दांड्यांच्या योगे चाकांच्या फिरण्यात परिणत होते. काम करून थकलेली वाफ धुराड्यातून बाहेर पडताना भट्टीतली हवाही आपल्याबरोबर ओढून नेते, त्यामुळे आग आपोआप प्रज्वलित राहते. वाफेच्या इंजिनाचा तो परिचित भक्-भक् ध्वनी या बाहेर पडणाऱ्या वाफेचाच असतो. वापरलेली वाफ परत मिळत नाही, म्हणून पाण्याचा साठा सतत जवळ बाळगावा लागतो. लांब पल्ल्याच्या इंजिनामागे त्यासाठी टेंडर नावाची स्वतंत्र गाडी जोडलेली असते. टाकीवाल्या इंजिनाला असे टेंडर नसते. पाण्याच्या टाक्या त्याच्या स्वतःच्याच अंगावर, बहुधा बॉयलरच्या दोन्ही बाजूंना बसवलेल्या असतात, आणि कोळशाची पेटी ड्रायव्हरच्या खोलीच्या पाठीमागे असते.

या रचनेचे लाभ तीन. पहिला असा की, पाण्याचे वजन चालक चाकांवर पडत असल्यामुळे चाकांची रुळावरील पकड वाढते आणि चढावर चाके जागच्या जागी घसरत नाहीत. दुसरा असा की, मागे टेंडर नसल्यामुळे इंजिन पुढे आणि मागे सारख्याच सोयीने धावू शकते; शेवटच्या स्टेशनावर त्याचे तोंड फिरवण्यासाठी गोल फिरता मंच बांधण्याची गरज उरत नाही, आणि लहान रेल्वेच्या दृष्टीने ही काटकसर थोडी नव्हे. तिसरा लाभ आटोपशीर लांबीचा. त्यामुळे अशी इंजिने वळणावळणांच्या मार्गावर सहज नांदतात. दोषही उघड आहे. टाकीतला साठा मर्यादित असतो, म्हणून ठरावीक अंतरावर पाणी भरून घ्यावेच लागते, आणि पाणी जसजसे संपते तसतशी पकडही थोडी उणावते. ज्या मार्गाचा पल्लाच बावीस मैलांचा होता, त्या मार्गाच्या दृष्टीने लाभांचे पारडे निःसंशय जड होते.

परंतु टाकीवाल्या इंजिनात एक पेच होता, आणि तो कॅल्थ्रॉपच्या सूत्राला थेट आव्हान देणारा होता. पाणी आणि कोळसा दोन्ही इंजिनाच्याच अंगावर म्हणजे वजन वाढणार, आणि ते रुळावर पडणार. म्हणून या इंजिनाला चालक चाकांच्या चार जोड्या देण्यात आल्या, जेणेकरून ओढण्याची ताकद भरपूर मिळावी आणि भार चार आसांवर वाटला जावा. आणि मागील बाजूस, जेथे कोळशाची पेटी येते, तेथे चार लहान चाकांची वळती बोगी घालण्यात आली. चाकांच्या संख्येवरून इंजिनाचा वर्ग सांगण्याच्या पद्धतीप्रमाणे हे ०-८-४ वर्गाचे टाकीवाले इंजिन झाले: पुढे एकही वाहक चाक नाही, मध्ये आठ चालक चाके, मागे चार. एकूण आस सहा, प्रत्येकी मर्यादा पाच टन. म्हणजे पाणी-कोळशासह सारे इंजिन तीस टनांच्या आत बसवणे प्राप्त होते. मोठ्या रेल्वेच्या इंजिनांपुढे हा आकडा क्षुल्लक वाटेल. परंतु अडीच फुटी रुळावर, इतक्या कडक मर्यादेत राहून व्यापारी मालाची गाडी ओढणारे यंत्र सिद्ध करणे हे मोठे कौशल्याचे काम होते.

हेच तत्त्व डब्यांना आणि वाघिणींनाही लावले गेले. दाबून आकार दिलेल्या पोलादी पत्र्यांचे सांगाडे त्या काळी नवीन होते; लाकडी किंवा जुन्या लोखंडी सांगाड्यापेक्षा ते हलके आणि बळकट असत. बार्शीच्या साऱ्या गाड्यांसाठी पंचवीस फूट लांबीचा आणि सात फूट रुंदीचा एकच सांगाडा मुक्रर करण्यात आला, आणि त्यावर गरजेप्रमाणे मालाची उघडी वाघीण, बंद वाघीण किंवा प्रवाशांचा डबा उभारण्याची सोय ठेवली. गाडीचे स्वतःचे वजन जितके कमी तितका अधिक माल तिच्यात भरता येतो, आणि सुटे भाग एकाच मापाचे असले म्हणजे दुरुस्तीही सुलभ होते, हा त्यातला व्यवहार. ही सामग्री हिंदुस्थानात रवाना होण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले येथे चाचणीचा खास मार्ग घालून तिचे प्रात्यक्षिक तज्ज्ञांना दाखवण्यात आले. सैन्याची आणि युद्धसामग्रीची ने-आण अशा हलक्या मार्गावरून करता येईल काय, या दृष्टीने लष्करी अंमलदारांनीही या रेल्वेची बारकाईने तपासणी केली.

१८९७ च्या मार्च महिन्यात बार्शी रोड ते बार्शी हा मार्ग सुरू झाला. तो काळ दख्खनच्या दृष्टीने अत्यंत कठीण होता. १८९६-९७ च्या दुष्काळाने सोलापूर जिल्हा होरपळून निघाला होता आणि प्लेगचे थैमान चालू होते. अशा समयी धान्य आणि माणसे यांची वाहतूक करणारा एक नवा मार्ग उघडणे, ही केवळ व्यापारी घटना नव्हती. पुढे मार्ग वाढत गेला. १९०६ साली कुर्डुवाडीपासून पंढरपूरपर्यंत रूळ पोहोचले. दुसऱ्या दिशेने, बार्शीच्या पुढे निजामाच्या हद्दीत तडवळ्यापर्यंत आणि १९११ साली लातूरपर्यंत मार्ग गेला. १९२७ साली पंढरपूर-मिरज हा तुकडा पुरा झाला तेव्हा या रेल्वेची एकूण लांबी २०२ मैल, म्हणजे सुमारे ३२५ किलोमीटर झाली. मार्ग वाढला तशी निरनिराळ्या बनावटीची अधिक शक्तिशाली इंजिनेही आली. पण आसावरील समान भाराचे जे तत्त्व पहिल्या पाच इंजिनांनी प्रस्थापित केले, त्याच पायावर हा सारा विस्तार उभा राहिला.

या मार्गाने कोणाचे काय झाले, हे पाहिले म्हणजे त्या इंजिनांचे खरे मोल कळते. लातूरची पेठ मुंबईच्या बाजाराशी जोडली गेली. मिरजेचे जंक्शन मराठवाड्याचे पश्चिमेकडील द्वार बनले. आणि पंढरपूर, जेथे शतकानुशतके माणसे केवळ पायांनी किंवा बैलगाडीने पोहोचत होती, तेथे वृद्ध, आजारी आणि लेकुरवाळ्या स्त्रियांनाही जाता येऊ लागले. वारीचा पायी चालण्याचा धर्म रेल्वेने मोडला नाही. दिंड्या चालतच राहिल्या. रेल्वेने एवढेच केले की, ज्याला चालता येत नाही त्यालाही विठ्ठलाच्या दर्शनाची वाट मोकळी करून दिली. यात्रेच्या दिवसांत या अरुंद रुळांवरून माणसांचे जे लोंढे वाहत, ते पाहता मापाने लहान असलेली रेल्वे कार्याने लहान नव्हती, असेच म्हणावे लागते.

इकडे विलायतेत, १८९६ साली हलक्या रेल्वेंसाठी स्वतंत्र कायदा मंजूर झाला होता आणि मागासलेल्या खेड्यांकडे स्वस्त मार्ग न्यावेत असा विचार बळावत होता. स्टॅफर्डशायर परगण्यातील मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात अशी एक रेल्वे बांधण्याचे ठरले तेव्हा अभियंता म्हणून कॅल्थ्रॉपला बोलावण्यात आले. त्याने तेथेही अडीच फूट रुंदीचेच रूळ घातले आणि इंजिनांसाठी पुन्हा किटसनचाच कारखाना निवडला. १९०४ साली खुल्या झालेल्या या ‘लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वे’साठी दोन टाकीवाली इंजिने तयार झाली, एकाला ‘ई. आर. कॅल्थ्रॉप’ आणि दुसऱ्याला तेथील स्थानिक अभियंत्यावरून ‘जे. बी. अर्ल’ अशी नावे देण्यात आली. त्यांची चाके २-६-४ अशी होती, म्हणजे पुढे दोन, मध्ये सहा चालक आणि मागे चार. परंतु त्यांचा चेहरामोहरा पाहणाऱ्याला त्यांचे बार्शीच्या इंजिनांशी असलेले नाते सहज ओळखू येई. समोर मोठा दिवा, ड्रायव्हरच्या खोलीवर उन्हापासून आडोसा देणारे छप्पर, अशी हिंदुस्थानच्या हवामानाला साजेशी लक्षणे इंग्लंडच्या त्या थंड, दमट खोऱ्यात अवतरली होती.

ही गोष्ट आपल्याला विशेष वाटली पाहिजे. रेल्वे ही विलायतेतून येथे आली, आणि तिचे तंत्र एकाच दिशेने वाहत आले, असे आपण सामान्यतः गृहीत धरतो. येथे मात्र सोलापूर जिल्ह्याच्या काळ्या जमिनीवर, बार्शीच्या कापसाच्या गरजेतून जी पद्धत कसाला लागली, तीच इंग्लंडातील एका खोऱ्याने स्वीकारली. शोध इंग्रजाचा, कारखाना इंग्रजी, भांडवलही लंडनचे. तरी त्या शोधाची परीक्षा येथील उन्हात, येथील पावसात आणि येथील लोकांच्या गर्दीत झाली, आणि भट्टीत कोळसा टाकणारे, सांधे बदलणारे, रूळ तपासीत मैलोन्‌मैल चालणारे हात येथलेच होते.

लहान मापाच्या रेल्वेचा एक मोठा दोष कॅल्थ्रॉपलाही पुरता नाहीसा करता आला नाही, तो म्हणजे माल पालटण्याचा. कुर्डुवाडीस अडीच फुटी वाघिणीतील प्रत्येक गाठ आणि प्रत्येक पोते हमालांनी उचलून ब्रॉडगेजच्या वाघिणीत भरावे लागे, आणि मिरजेस तोच प्रकार मीटरगेजच्या बाबतीत होई. त्यात वेळ जाई, मजुरी जाई आणि मालाची नासाडीही होई. मॅनिफोल्डच्या रेल्वेवर त्याने यावर उपाय योजला: मोठ्या मापाची अखंड वाघीणच्या वाघीण आपल्या पाठीवर वाहून नेणाऱ्या खास ठेंगण्या बांधणीच्या गाड्या तेथे तयार करण्यात आल्या. उपाय कल्पक होता यात शंका नाही.

तरीही या दोन रेल्वेंचे पुढील भवितव्य अगदी भिन्न झाले. मॅनिफोल्डची रेल्वे मुख्यतः दुधावर जगत होती. दुधाची वाहतूक मोटारींकडे वळताच तिचा आधार गेला, आणि उण्यापुऱ्या तीस वर्षांत, १९३४ साली, ती बंद पडली. तिचे रूळ उखडले गेले, इंजिने मोडीत निघाली, आणि आज त्या मार्गावर पायी चालणारे आणि सायकलस्वार फिरतात. बार्शी लाइट मात्र त्यानंतरही सात दशके टिकली, कारण तिच्या दोन्ही हातांना खरा आधार होता: एका बाजूला कापूस, धान्य आणि गळिताची बाजारपेठ, दुसऱ्या बाजूला पंढरीची न आटणारी यात्रा. यंत्र कितीही उत्तम असले तरी लोकांच्या नित्य गरजेशी त्याची गाठ पडल्याखेरीज ते दीर्घायुषी होत नाही, हा बोध या तुलनेतून निघतो.

कॅल्थ्रॉपच्या उत्तरायुष्याविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. रोल्स-रॉइस मोटारींमुळे ख्याती पावलेला चार्ल्स रोल्स हा त्याचा स्नेही १९१० साली विमान-अपघातात मृत्युमुखी पडला. त्या आघाताने हळहळलेल्या कॅल्थ्रॉपने वैमानिकांचे प्राण वाचवणाऱ्या हवाई छत्रीच्या संशोधनाला स्वतःला वाहून घेतले आणि ‘गार्डियन एंजल’ नावाची छत्री सिद्ध केली. पहिल्या महायुद्धात ती वैमानिकांना द्यावी म्हणून त्याने अधिकाऱ्यांकडे अतोनात खटपट केली, परंतु युद्ध संपत येईपर्यंत तिला सरकारी मान्यता लाभली नाही. अरबी घोड्यांचाही तो मोठा जाणकार होता आणि घोड्यांना मायेने शिकवावे या मताचा पुरस्कर्ता होता. १९२७ साली, म्हणजे त्याची रेल्वे मिरजेस पोहोचली त्याच वर्षी, त्याचे निधन झाले. रुळावरचा अनाठायी भार असो किंवा वैमानिकाच्या जिवावरचे संकट असो, जे टाळता येण्यासारखे आहे ते टाळलेच पाहिजे, हा एकच ध्यास त्याच्या साऱ्या उद्योगांत दिसतो.

स्वातंत्र्यानंतर १९५४ साली ही कंपनी सरकारने विकत घेतली आणि तिचा कारभार मध्य रेल्वेकडे आला. वाफेची इंजिने जाऊन डिझेलची आली. पुढे या शतकाच्या आरंभापासून कुर्डुवाडी, पंढरपूर, लातूर आणि मिरज या बाजूंचे रूळ टप्प्याटप्प्याने रुंद करण्यात आले आणि अडीच फुटी मार्ग इतिहासजमा झाला. हा बदल आवश्यकच होता. माल पालटण्याचा जुना जाच त्यामुळे कायमचा संपला. या बदलाचे महत्त्व २०१६ च्या उन्हाळ्यात साऱ्या देशाला कळले. लातूर शहर पाण्यावाचून तडफडू लागले तेव्हा मिरजेहून पाण्याच्या टाक्यांची आगगाडी लातूरकडे धाडण्यात आली. १२ एप्रिल २०१६ रोजी पहिली गाडी पोहोचली तिला दहा टाक्या होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्या धावू लागल्या. ती गाडी मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी या वाटेने गेली, म्हणजे बार्शी लाइटने जो पट्टा पहिल्याने जोडला होता त्याच पट्ट्यातून गेली. १८९७ च्या दुष्काळात जन्मलेल्या वाटेने एकशे एकोणीस वर्षांनी दुष्काळात पाणी वाहिले, ही त्या वाटेच्या उपयुक्ततेची सर्वांत मोठी साक्ष आहे.

माथेरानच्या गाडीचे कौतुक आपण करतो, आणि ते योग्यच आहे. १९०७ साली सुरू झालेल्या त्या दोन फुटी मार्गावरची जर्मन बनावटीची टाकीवाली इंजिने आपल्या चांगल्या परिचयाची आहेत. परंतु माथेरानची गाडी हवा खायला जाणाऱ्यांची होती, आणि बार्शी लाइट पोटासाठी आणि श्रद्धेसाठी प्रवास करणाऱ्यांची होती. तिच्या इंजिनांनी शिकवलेला धडा आजही जुना झालेला नाही: जेथे पैसा तुटपुंजा आहे आणि गरज मोठी आहे, तेथे भारी वस्तूची नक्कल करण्यात शहाणपण नसून, पेलेल एवढाच भार ठरवून त्या मर्यादेत सर्वोत्तम काम करून दाखवण्यात खरे अभियांत्रिकी कौशल्य आहे. ज्या कोल्हापूरने उद्यमनगरातील फाउंड्र्यांत ओतकामाची कला वाढवली आणि नांगरापासून इंजिनापर्यंतची यंत्रे घडवली, त्या कोल्हापूरच्या कारागिरांना हा विचार निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

म्हणून शेवटी एक विनंती करावीशी वाटते. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर आणि आपले कोल्हापूर येथील ज्या घरांतून बार्शी लाइटच्या नोकरीत कोणी ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, सांधेवाला किंवा कारकून होते, त्या घरांत जुनी तिकिटे, वेळापत्रके, छायाचित्रे, नेमणुकीचे कागद आणि अवजारे अजून कोठे ना कोठे असतील; ती रद्दीत जाऊ देऊ नयेत. जे निवृत्त कामगार हयात आहेत त्यांच्या आठवणी त्यांच्या तोंडूनच लिहून घ्याव्यात, आणि हे सारे जवळच्या महाविद्यालयाच्या किंवा सार्वजनिक वाचनालयाच्या स्वाधीन करावे. रूळ उखडले गेले तरी इतिहास राखता येतो, आणि तो राखण्याचे काम सरकारी खात्याची वाट न पाहता आपण आजच सुरू केले पाहिजे.